चोरपायरी

४ मार्च

प्रिय बारक्या,

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिला ते नवीनच वाटलं, त्यामुळे एका पत्रात दोन पत्रांचं काम झालं. फोनवर तिला धड ऐकू येत नाही, आलं तरी टिकत नाही. पत्र मात्र उशाशी घेऊन झोपते. तेव्हा आळस न करता लिहीत जा.

आता मुद्द्याचं. घर विकत घेणाऱ्यांसाठी तू छपरापासून गटारापर्यंत परक्यांची घरं तपासत हिंडतोस. आपलं तेवढं राहिलं. ते एकदा पत्रातून तपासून दे. आईची नजर फारच अधू झालीये, आणि डोकंही मधूनच हातातून सुटतं. परवा न्हाणीघराची कडी आतून लावली आणि उघडायची कशी तेच विसरली. मी बाहेर, ती आत, आणि दोघी एकमेकींना धीर देतोय. शेवटी मागच्या खिडकीतून शेजारणीला आत उतरवलं. ती बाई अंगाने कशी आहे तुला माहीतच आहे. ती अडकली असती तर दोघींना काढावं लागलं असतं. मग गरम पाण्याचा नळ उलटा फिरवून हात पोळून घेतला. अर्ध्या उघड्या दारावर कपाळ आपटून घेतलं. आणि एवढं होऊन झोपायला रोज वरच जाते. खाली पलंग टाकते म्हटलं तर म्हणते, तुझे बाबा वर आहेत. बाबांचा फोटो वर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मी दिवसभर खालच्या खोलीत शिवणयंत्रावर. हात यंत्रावर आणि कान जिन्याकडे. ती पडता कामा नये, बारक्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, या वयात कंबरेचं हाड मोडलं की मग माणूस उठत नाही. माझा जीव सारखा टांगणीला लागलेला असतो. तर काय काय करू ते सांग.

तुझी,
ताई

१३ मार्च

ताई,

शेजारणीचं वाचून ऑफिसात एकटाच हसलो, मग तुझी काय अवस्था झाली असेल ते डोळ्यांपुढे आलं आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं.

न्हाणीघराचं दार आधी बाहेर उघडेल असं करून घे. आत उघडणारं दार वाईट. माणूस आत पडला की तोच दाराला अडसर होतो, आणि बाहेरच्याला ढकलताही येत नाही. कडी अशी बसव की बाहेरून नाण्याने फिरवता येईल. गरम पाण्याची टाकी एवढी तापवूच नकोस, तिच्या बुडाशी एक खटका आहे, तो निम्म्यावर आण. ज्या दारावर कपाळ आपटलं त्याला पूर्ण उघडून भिंतीला आकडा लाव. अर्धं उघडं दार अधू नजरेला दिसतच नाही, कारण ते कडेने पातळ दिसतं.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, मुठीत मावेल इतक्या जाडीचा. आणि तो शेवटच्या पायरीवर संपवायचा नाही, वीतभर पुढे न्यायचा, म्हणजे जिना संपला हे हाताला कळतं. दिव्याचं बटण वर एक आणि खाली एक.

राहिली चोरपायरी. ताई, तुला हसू येईल, पण मी ज्या दिवशी हे काम शिकायला लागलो त्या दिवशी मला पहिली आपली चोरपायरीच आठवली. जिन्याच्या बाबतीत आमचा सगळ्यात कडक नियम हाच, की सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या हव्यात. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढच्यांवर डोळे मिटून विश्वास टाकतो. करंगळीएवढा फरक पडला तरी माणूस पडतो. आपल्या शेवटच्या पायरीत तर मनगटाएवढा फरक असेल. परक्याचं घर असतं तर मी त्यावर लाल रेघ मारून आलो असतो. तुझ्या त्या कापडी टेपने का होईना, सगळ्या पायऱ्या मोजून कळव.

आईला माझा नमस्कार वाचून दाखव. दोनदा.

बारक्या

२६ मार्च

प्रिय बारक्या,

माझ्या कापडी टेपला नावं ठेवू नकोस. तिच्यावर आख्ख्या गल्लीचे कपडे बेतलेत आणि अजून एकाचीही बाही तोकडी पडलेली नाही.

दार बाहेर उघडायला लागलं. सुतारमामांनी कडी बदलली, आकडा लावला. आपल्या बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस, पैशाचं न बोलता काम करतो आणि काम न करता बोलतोही भरपूर. कठडा दोन्हीकडून झाला. आई त्यावरून हात फिरवत म्हणाली, हा माझ्या बारक्याने पाठवला. मी म्हटलं, हो, पाकिटात घालून.

पायऱ्या मोजल्या. सगळ्या सात इंच, शेवटची चार. पण तिच्याबद्दल मला तुझ्यासारखं वाटत नाही, म्हणून सांगते. ओल वर यायला लागली तेव्हा बाबांनी खालची फरशी उंच करून घातली, आणि जिना आधीच बांधलेला. फरशीने शेवटच्या पायरीची उंची चोरली. पुढच्या सुट्टीत सरळ करतो म्हणायचे, ती सुट्टी काही आली नाही. तुला आठवतं का, कोणी पाहुणा वरून उतरायला लागला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जपून हं, शेवटची पायरी!" आणि तरी तो धप्पकन आपटायचाच. नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, घरचं कोण आणि परकं कोण. आपण दोघं कधी अडखळलो नाही. चालायला शिकलो तेच त्या पायरीवर.

आणि आई तर अजूनही नाही अडखळत. मी मुद्दाम खाली उभी राहून बघते. वरून कशीबशी चाचपत येते, पण शेवटच्या पायरीपाशी तिचा पाय आपोआप हलका होतो. बारक्या, कधीकधी ती माझं नाव विसरते. परवा मला म्हणाली, बाई तुम्ही शिवता छान. पण पायरी विसरत नाही. म्हणून मला वाटतं, ती तेवढी राहू द्यावी.

हे पान तिला वाचून दाखवत नाहीये.

ताई

५ एप्रिल

ताई,

तुला ती ओळखत नाही हे वाचून दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही. दोन घरं तपासली आणि दोन्हीकडे कागद चुकीचे भरले. तू हे एकटी सोसतेस आणि मी इथून बिजागऱ्यांच्या गप्पा मारतोय.

पण पायरीवर मी तुझं ऐकणार नाही. तुझं म्हणणं मी रोज ऐकतो गं. प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, आम्हाला सवय आहे. सैल कठड्याची सवय, उघड्या वायरची सवय, आणि मग एक दिवस सवय दगा देते. आज तिला नाव आठवत नाही, उद्या पायरी आठवणार नाही. तेव्हा ती कुठे असेल आणि तू कुठे असशील? तू यंत्रावर असशील. माझ्या कामात मी एकच शिकलोय, माणसाच्या आठवणीवर घर उभं करायचं नाही. घर असं हवं की सगळं विसरलेला माणूसही त्यात सुखरूप उतरेल.

जिना पाडायची गरज नाही. सोबत चित्र काढून दिलंय. प्रत्येक पायरीवर लाकडी फळी बसवायची. सगळ्यात खालच्या पायरीवर जाड, वर जाताना पातळ पातळ होत जाणारी. म्हणजे चोरलेली उंची सगळ्या पायऱ्यांत वाटली जाते आणि सगळ्या एकसारख्या होतात. सुतारमामांना दोन दिवसांचं काम. फळीच्या कडेला पिवळी पट्टी मार, ती अधू नजरेला दिसते.

मला तिथे येऊन तिचा हात धरता येत नाही, ताई. नोकरी सोडता येत नाही, लेकरांच्या शाळा आहेत, सगळी कारणं खरी आहेत आणि सगळ्यांची मला लाज वाटते. निदान तिच्या पायाखालची जमीन तरी मला सरळ करू दे.

बारक्या

२२ एप्रिल

प्रिय बारक्या,

शेवटचा परिच्छेद वाचला आणि वाद संपला. तुझं पत्र शेवटी आईलाही वाचून दाखवलं. तिने चित्र डोळ्यांशी धरलं आणि म्हणाली, "त्याच्या बापाने नाही केलं, हा करतोय. करू दे." त्या दिवशी ती अगदी जागेवर होती. माझं नाव घेऊन हाक मारली, तुझ्या लेकरांची चौकशी केली.

सुतारमामांनी काम सुंदर केलंय. सगळ्या पायऱ्या पावणेसात इंच, कापडी टेपने आणि त्यांच्या लोखंडी टेपनेही. फळ्या घासून घासून गुळगुळीत केल्या, मग चित्राखालची तुझी सूचना आठवून, पाय घसरू नये म्हणून परत थोड्या खरखरीत केल्या. पिवळी पट्टी शेजारणीला आवडली नाही, तिला ती दुकानासारखी वाटते. आई सगळ्या पायऱ्यांवरून हात फिरवत बसली होती.

काल मीच धप्पकन आपटले. मनात मोजत उतरत होते तरी पायाने ऐकलं नाही. होईल सवय. आईला मी हात धरूनच उतरवते आणि प्रत्येक वेळी सांगते, आई, चोरपायरी गेली बरं का. ती म्हणते, कधी गेली?

खाली तिने स्वतः लिहिलंय. ओळ तिरकी झालीये, पण अक्षर तिचंच आहे.

ताई

*बारक्या जिना छान झाला. जेवत जा. आई*

३ मे

ताई आणि आई,

तिरकी ओळ कपाटावर लावून ठेवलीये. तुम्हा दोघींचे फार उपकार, की माझं ऐकलंत. मी इथे सगळ्यांना सांगत सुटलोय, माझ्या घरची चोरपायरी पकडली म्हणून. आमचा साहेब म्हणाला, स्वतःचं घर तपासून सरळ करणारा तू पहिलाच. किती दिवसांनी शांत झोप लागली.

ताई, सवय पंधरवड्यात होते. पाय नवीन उंची शिकतो. तोवर तू हात धरतेसच.

आई, जेवतोय. तू जेव. पुढच्या पत्रात आणखी एक ओळ हवी.

बारक्या

९ जून

प्रिय बारक्या,

पत्राला उशीर झाला. शिवणाची फार गर्दी होती. आई बरी आहे. हल्ली खालीच झोपते, बाबांचा फोटोही खाली आणलाय. सध्या तिचा हात थरथरतो म्हणून ओळ नाही.

एक विचारायचं होतं. चाकांची खुर्ची आत यायला दार किती रुंद लागतं? आणि उंबऱ्याला उतरण करायची तर किती लांब? शेजारणीच्या नात्यात कोणाला तरी हवंय.

मुलांना आशीर्वाद.

ताई

१७ जून

ताई,

दार तीन फूट हवं, त्याहून कमी असेल तर हाताची बोटं चौकटीला घासतात. उतरण उंचीच्या बारापट लांब, म्हणजे अर्धा फूट उंबऱ्याला सहा फूट. त्याहून उभी केलीस तर ढकलणारा दमतो आणि उतरताना खुर्ची पळते.

आता माझं ऐक. मी किती घरं तपासली असतील. मालक सगळं घर हौसेने दाखवतो आणि एका खोलीपाशी म्हणतो, इथे काही नाही, नुसतं सामान आहे. ती खोली मी आधी उघडतो. तू आयुष्यात कधी मला दोन ओळींत आईची खबर दिली नाहीस. शेजारणीच्या खिडकीवर अर्धं पान लिहिणारी बाई तू, आणि तिच्या नातेवाइकाच्या खुर्चीवर एक चेष्टेचा शब्द नाही.

खुर्ची कोणासाठी आहे, ताई?

बारक्या

२५ जून

बारक्या,

आईसाठी.

मे महिना सरत आला होता. मी यंत्रावर होते, दारात गिऱ्हाईक आलं, एका लग्नाच्या पोशाखाची बाई, ती मापं सांगत होती. आई वर झोपली होती. दाराची घंटा ऐकून तिला वाटलं तू आलास. मला हाक न मारता उतरायला लागली. मी जिन्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा ती शेवटच्या पायरीवर होती. दोन्ही हातांनी तुझा कठडा घट्ट धरला होता, सगळं अगदी तू सांगितलंस तसं. आणि तिने पाय हलका करून खाली टेकवला, जिथे इतकी वर्षं जमीन होती तिथे. जमीन तिथे नव्हती. मी बघत होते, बारक्या. दोन पावलं पुढे असते तर धरलं असतं.

ती ओरडली नाही. फरशीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून नुसतं म्हणाली, "अगं, जमीन कुठे गेली?"

कंबरेचं हाड आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात चिरफाड झेपायची नाही. मी तुला कळवणारच होते, पण आईनेच अडवलं. दवाखान्यात ती एकदा पूर्ण भानावर आली आणि माझा हात धरून म्हणाली, "बारक्याला सांगू नकोस. त्याला वाटेल त्याचं काम चुकलं." मग परत कुठेतरी गेली. ते माझं नाव घेऊन तिने शेवटचं सांगितलेलं, म्हणून इतके दिवस पाळलं. आता माझ्याने पाळवत नाही.

माझ्यावर रागावू नकोस. स्वतःवर तर मुळीच नको. ये. खुर्चीची घाई राहिली नाही, ती आता बसतही नाही.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

परत येऊन आठवडा झाला. कामावर जातोय.

आईने मला ओळखलं की नाही ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तू म्हणतेस ओळखलं. मी हात हातात घेतला की ती बोटांनी माझं मनगट चाचपायची, कठडा चाचपल्यासारखं. मी तिला किती वेळा म्हटलं, आई, माझं चुकलं. तिने एकदाही ऐकल्यासारखं केलं नाही. तू दाराबाहेर उभी राहून रडत होतीस ते मला कळत होतं.

एक गोष्ट तिथे असताना बोललो नाही. सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरून खाली आलो. किती वर्षं मी त्या घरात राहत नाही. रोज कुठल्या ना कुठल्या नवीन जिन्यावर चढतो-उतरतो, पायऱ्या मोजणं हेच माझं पोट. या जिन्याचं चित्र मी स्वतः काढलेलं. आणि शेवटच्या पायरीवर माझा पाय हलका झाला, जमीन शोधत राहिला, आणि मी पुढे कोलमडून भिंतीवर आदळलो. तू स्वयंपाकघरात होतीस. आवाज तुला ऐकू आला असणार. तू बाहेर आली नाहीस, याबद्दल मी तुझा आभारी आहे.

मी तुला लिहिलं होतं, पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो. परक्याचा पाय शिकतो, ताई. आपल्या तिघांचा पाय जुनी उंची फार आधीच शिकून बसला होता. हे मला माहीत असायला हवं होतं. तू तर मला लिहून कळवलं होतंस, आणि मी तुला सवयीवर व्याख्यान दिलं.

घरात तू आता एकटी. त्या जिन्याखाली बसून शिवत राहू नकोस. तुला जे करावंसं वाटेल ते कर, माझी हरकत नाही.

बारक्या

१४ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

आवाज ऐकला होता. पोळपाटावर हात तसाच ठेवून उभी राहिले. बाहेर आले असते तर दोघांनाही आवरलं नसतं. आणि आणखी एक, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. घरचंच कोणीतरी उतरलंय, असं वाटलं. आता आपल्या घरात जो अडखळेल तो घरचा, इतकं उलटं झालंय सगळं. मी तर रोज आपटते.

तू स्वतःला खाऊ नकोस. तुझं गणित बरोबर होतं. ज्या दिवशी ती पायरीही विसरली असती त्या दिवशी तू तिला वाचवलं असतंस. ती विसरली नाही, एवढंच झालं. आणि हात मी सोडला होता, तू नाही. यावर मी पुन्हा कधी लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस.

घर विकायचं ठरवलं. चौकापलीकडे तळमजल्यावर एक खोली बघितलीये, दुकानाला लागून. एकही पायरी नाही.

काल घर घेणाऱ्यांचा माणूस तपासायला आला होता. तुझ्याच व्यवसायातला, तरुण, गळ्यात बॅटरी अडकवलेली. तुझ्यासारखाच भिंतीवर बोटं वाजवत हिंडत होता. न्हाणीघराचं दार बाहेर उघडतं बघून खूश झाला. मी त्याच्यासाठी चहा टाकत होते. तो वरच्या खोल्या बघून उतरायला लागला, त्याची पावलं मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आणि बारक्या, काय झालं मला माहीत नाही, तो जवळजवळ खाली पोचला आणि माझ्या तोंडून आईचाच आवाज निघाला, "जपून हं, शेवटची पायरी!"

बाहेर येऊन बघते तर तो जागच्या जागी थांबलेला. वाकून शेवटची पायरी बघितली, टेप काढली, मोजली. मग वरच्या दोन मोजल्या. मला म्हणाला, काही नाही हो काकू, अगदी बरोबर आहे, जुन्या घरात असा जिना बघायला मिळत नाही, कोणी केला?

मी म्हटलं, माझ्या भावाने.

मग तो उरलेल्या पायऱ्या उतरून आला, जराही न अडखळता, आणि चहा प्यायला बसला.

तुझी,
ताई